अंगावर काढलेली दुखणी : प्रौढ दिव्यांग अपत्य सांभाळणारे ज्येष्ठ पालक

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेले मूल वयाने मोठे झाले, तरी त्याला भरवणे, न्हाऊ घालणे, औषधे देणे आणि रात्री उठून पाहणे ही कामे बहुतेक घरांत आई-वडिलांकडेच राहतात, आणि ज्या वयात इतरांच्या घरी सुना-नातवंडे हाताशी येतात त्या वयात हे पालक तिशी-चाळिशीतल्या अपत्याचे सर्व काही करत असतात. वार्धक्यशास्त्रात, म्हणजे म्हातारपणाचा शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अंगांनी अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, अशा घरांना ‘दोन वृद्ध पिढ्यांचे कुटुंब’ म्हटले जाते, कारण तेथे सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा दोघेही एकाच वेळी उताराला लागलेले असतात. या पालकांनी स्वतःची काळजी घ्यावी असे त्यांना डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे सांगतात; पण सकाळी फिरायला जावे, मन रमवावे, छंद जोपासावेत, हे ऐकून घेण्यापलीकडे त्यांना काही करता येत नाही, कारण फिरायला जायचे तर तेवढा वेळ घरी कोणी बसायचे, याचे उत्तर सल्ला देणाऱ्याकडे नसते. त्यामुळे या पालकांच्या स्वास्थ्याचा विचार एका रोकड्या प्रश्नापासून सुरू करावा लागतो. त्यांच्याखेरीज हे काम येणारे दुसरे माणूस घरात, नात्यात किंवा गावात आहे का, आणि नसेल तर ते तयार कसे करायचे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न मागील पिढ्यांपुढे आजच्या इतका उभा राहिला नव्हता, कारण तीव्र दिव्यांगत्व असलेली अनेक मुले आई-वडिलांच्या हयातीतच दगावत असत. डाउन सिंड्रोम, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे उद्भवणारी अवस्था, हे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत १९८३ साली या अवस्थेतील व्यक्तीचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते, ते आता ६० वर्षांच्या आसपास पोहोचले आहे, आणि यात हृदयाच्या जन्मजात दोषांवर होऊ लागलेल्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा आहे. आयुष्य वाढले, पण त्याबरोबर एक नवे संकटही आले. अल्झायमरच्या आजारात मेंदूत साचणारे जे प्रथिन आहे, त्याच्याशी संबंधित जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असल्याने डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या मेंदूत ते बदल चाळिशीपर्यंतच दिसू लागतात आणि पन्नाशीच्या आसपास अनेकांना स्मृतिभ्रंश गाठतो. म्हणजे जी आई पंच्याहत्तरीला आलेली असते, तिच्या मुलाला आतापर्यंत येत असलेल्या गोष्टीही येईनाशा होतात, आणि तीस वर्षांपूर्वी मोठ्या चिकाटीने शिकवलेले बटण लावणे किंवा हाताने जेवणे तिला पुन्हा स्वतः करावे लागते. व्यवस्था मात्र बालकांचाच विचार करून उभी राहिली आहे. विशेष शाळा, मोफत शिक्षणाचा हक्क आणि बहुतेक शासकीय सोयी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत साथ देतात, आणि त्यानंतर मूल पूर्णवेळ घरी येते, ते पालकांचे हातपाय थकेपर्यंत घरीच राहते.

काळजी वाहण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे मोजमाप गेल्या काही दशकांत झाले आहे. स्टीव्हन झरिट यांनी सहकाऱ्यांसह १९८० साली काळजीवाहकावरील भार मोजणारी प्रश्नावली तयार केली. तिचे २२ प्रश्नांचे रूप आजही जगभर वापरले जाते, आणि झोप, पैसा, एकटेपणा, राग यांविषयी त्या व्यक्तीला काय वाटते हे त्यातून कळते. २००४ साली एलिसा एपेल आणि पुढे नोबेल मिळालेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी दीर्घ आजारी मुले सांभाळणाऱ्या मातांच्या पेशींची तपासणी केली. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची जी टोपणे असतात ती वयानुसार आखूड होत जातात. सर्वाधिक ताण जाणवणाऱ्या स्त्रियांमध्ये ती इतकी आखूड झालेली आढळली, की त्यांच्या पेशी कमी ताणाच्या स्त्रियांपेक्षा किमान दहा वर्षांनी अधिक म्हाताऱ्या ठराव्यात. १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतील मृत्युदर इतर वृद्धांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. तो अभ्यास पती-पत्नींचा होता, पालकांचा नव्हता, हे लक्षात ठेवले तरी त्यातला इशारा येथेही लागू पडतो. दुसरीकडे, विस्कॉन्सिन विद्यापीठातील मार्शा मेलिक सेल्टझर यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या मातांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा मध्यमवयात त्यांची प्रकृती आणि समाधान इतर स्त्रियांपेक्षा वाईट नसल्याचे दिसले, आणि फरक पडू लागला तो वार्धक्याच्या उंबरठ्यावर, विशेषतः अपत्य घरातच राहत असलेल्या पालकांमध्ये. सहानुभूती दाखवताना हा निष्कर्ष सहसा विसरला जातो. या पालकांना दिव्यांग मूल असल्याने आयुष्यभर दुःखीच मानणे चूक आहे. त्यांची शक्ती संपते ती उतारवयात, मदत न पोहोचल्यामुळे.

ही शक्ती नेमकी कुठे खर्च होते, हे न्हाणीघरात कळते. मुंबई-पुण्यातल्या जुन्या घरांत न्हाणीघर जेमतेम तीन-चार फुटांचे असते, त्यात बादली, तांब्या आणि प्लास्टिकचे स्टूल मांडले की उभे राहायला एका माणसाची जागा उरते, आणि तेवढ्या जागेत सत्तरीची आई साठ किलो वजनाच्या मुलाला काखेत हात घालून स्टुलावरून उठवते, एका हाताने त्याला भिंतीशी टेकवून दुसऱ्या हाताने पाठ पुसते आणि तसेच वळून त्याला दाराबाहेर काढते. फरशी ओली असते, साबण पायाखाली असतो, आणि मुलाचे स्नायू ताठ असतील तर तो नेमका त्याच क्षणी मागे रेलतो. वाकलेली कंबर त्याच वेळी वळलेलीही असली, की मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण फार वाढतो. त्यातून पाठीचे कायमचे दुखणे, पायात उतरणारी कळ, पुरुषांमध्ये हर्निया आणि बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये अंग बाहेर येणे किंवा उचलताना लघवी सुटणे असे त्रास सुरू होतात. शेवटचे दोन त्रास तर लाजेपोटी मुलीलाही सांगितले जात नाहीत, मग डॉक्टरांना सांगणे दूरच राहिले.

या जागी उपदेशापेक्षा साधनांचा उपयोग अधिक होतो, आणि ती साधने फार महागही नाहीत. फिजिओथेरपिस्ट आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे अंघोळ, जेवण, कपडे यांसारख्या रोजच्या क्रिया कमी श्रमात कशा करायच्या हे शिकवणारा तज्ज्ञ, आतापर्यंत मुलासाठी येत असतात. त्यांना एकदा पालकाच्या शरीरासाठी बोलावून घरातली प्रत्येक उचल पाहायला लावली, तर बऱ्याच उचली टाळता येण्याजोग्या निघतात. मुलाच्या कमरेला बांधायचा मुठीचा पट्टा, पलंगावरून खुर्चीत सरकवण्याची गुळगुळीत फळी, अंघोळ आणि शौच दोन्हींसाठी चालणारी चाकांची कमोड-खुर्ची, भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, आणि खुर्चीच्या उंचीइतकाच पलंग, एवढ्याने कमरेवरचे बरेचसे ओझे उतरते. काही साधने केंद्राच्या एडिप योजनेत, अलिम्को या कानपूरच्या सरकारी उपक्रमाने भरवलेल्या शिबिरांतून, उत्पन्नाच्या अटीवर मोफत किंवा सवलतीत मिळतात. मुलाला स्वतः जेवढे करता येते तेवढे त्याला करू देणे, हाही याच उपचाराचा भाग आहे. वेळ वाचावा म्हणून आई त्याचा सदरा स्वतःच चढवते, आणि दहा वर्षांनी ती थकते तेव्हा त्याला हात बाहीत घालणे जमत नाही.

पालकांचे खरे नुकसान मात्र पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांमुळे होते. मोतीबिंदू पिकलेला असतो, गुडघ्याची वाटी झिजलेली असते, हर्नियाचे निदान होऊन वर्ष झालेले असते. डॉक्टर तारीख द्यायला तयार असतात आणि पालक ‘याचे थोडे स्थिरस्थावर झाले की करू’ म्हणत दुखणे अंगावर काढतात. त्यांचा हिशेब बिनबुडाचा नसतो, कारण मोतीबिंदूनंतर काही दिवस आणि हर्निया किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे जड उचलता येत नाही, आणि घरात उचलण्याचेच काम असते. तरी या हिशेबात एक मोठी चूक राहते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची तारीख आधी कळते, त्यामुळे बदली माणूस शोधता येतो. अंधुक नजरेने जिन्यात पाय घसरून मांडीचे हाड मोडले, तर त्याच संध्याकाळी मुलाला कोणाच्या तरी हवाली करावे लागते. सत्तर आणि त्यावरील वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारा आयुष्मान भारत योजनेचा विस्तार ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे संलग्न रुग्णालयात पैशाची अडचण कमी होते, घरच्या बदली माणसाची मात्र होत नाही. रक्तदाब, साखर, डोळे, हाडांची घनता, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी यांची तारीख मुलाच्या तपासणीच्या तारखेला जोडून घेणे, हा त्यातल्या त्यात टिकणारा उपाय दिसतो, कारण मुलाची तारीख हे पालक कधीच चुकवत नाहीत.

औषधांच्या बाबतीत एवढेच सांगणे पुरेसे आहे, की आईच्या रक्तदाबाच्या आणि मुलाच्या आकडीच्या गोळ्या एकाच डब्यात कधीही ठेवू नयेत. आकडीचे औषध अचानक चुकले तर एकामागून एक झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो, आणि नजर व स्मरण दोन्ही मंदावलेल्या वयात वेगळ्या रंगाचे, वारांचे खण असलेले दोन डबे ही चैन मानता येणार नाही.

मनाच्या पातळीवर या पालकांची अवस्था सांगणारी एक संकल्पना सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी समाजकार्यकर्त्याने १९६२ साली मांडली. तिला ‘दीर्घकालीन शोक’ म्हणता येईल. मूल जिवंत असते, म्हणून त्याचा शोक एकदाचा करून संपवता येत नाही. बरोबरीच्या मुलांचा दहावीचा निकाल, लग्नाची पत्रिका, बारशाचे पेढे अशा प्रत्येक प्रसंगी तो नव्याने वर येतो, आणि ओल्शान्स्कीच्या मते हा आजार नसून परिस्थितीला दिलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे, त्यामुळे पालकाने ‘वास्तव स्वीकारले नाही’ असा ठपका तज्ज्ञांनी ठेवू नये. ज्येष्ठ पालकांच्या शोकात पुढच्या काळाची भीतीही मिसळलेली असते. आमच्यामागे याचे कसे होणार, हा प्रश्न ते बोलून दाखवतात, आणि जो बोलून दाखवत नाहीत तो विचार असा असतो, की हा आपल्या आधी गेला तर बरे. हा विचार मनात आला म्हणून कोणी आई वाईट ठरत नाही. व्यवस्थेवर भरवसा नसलेल्या माणसाच्या मायेतूनच तो येतो. मात्र त्याच्या जोडीला भूक मरणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, कशातच मन न लागणे, विनाकारण अंग दुखणे किंवा मुलावर हात उगारला जाणे अशी लक्षणे दोन आठवडे टिकून राहिली, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा मुलाला संपवण्याचा विचार डोकावला, तर थांबायला वेळच नसतो. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

या बाबतीत पालकांच्या स्वमदत गटांचा, म्हणजे एकाच अनुभवातून जाणाऱ्यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसून बोलण्याच्या प्रथेचा, अनुभव बोलका आहे. स्किझोफ्रेनियाच्या क्षेत्रात पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पत्नीच्या आजारपणातून शिकलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटाने २००४ साली रुग्णाइतकीच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण मराठी प्रेक्षकांसमोर ठेवली. अशा गटात आलेल्या पालकाला सल्ला क्वचितच लागतो. आपण रागावलो, कंटाळलो, असे म्हटल्यावर समोरचा दचकत नाही, याचाच त्याला मोठा आधार वाटतो.

वडिलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. नोकरीची सगळी वर्षे ते पैसा आणि धावपळ पाहत आले, मुलाच्या अंगाखांद्याची माहिती आईकडे साठत गेली. निवृत्तीनंतर ते दिवसभर घरी आले तरी मुलाला त्यांच्या हातचा घास नको असतो, आणि आईलाही ‘तुम्हाला जमायचे नाही’ म्हणण्याची सवय झालेली असते. ज्या घरात आई आधी जाते, तेथे वडील आणि मूल अक्षरशः एकमेकांना अनोळखी उरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस आईने घराबाहेर राहायचे आणि वडिलांनी चुकतमाकत सगळे करायचे, हा नियम दोघांच्याही प्रकृतीसाठी कोणत्याही योगासनापेक्षा अधिक हितकारक ठरतो.

आईच्या डोक्यात असलेली ही माहिती कागदावर उतरवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळले जाणारे काम आहे. साध्या दोनशेपानी वहीत पहिल्या पानावर निदान, दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा व यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राचा क्रमांक, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आकडी आली तर काय करायचे आणि किती मिनिटांनी रुग्णालय गाठायचे हे लिहिलेले असावे. पण वहीचा खरा उपयोग पुढच्या पानांत असतो. भात वरणाशी कालवून मऊ केलेलाच चालतो, फोडणीतली मिरची काढावी लागते, पाणी चमच्याने दिले नाही तर ठसका लागतो, कुकरच्या शिटीने घाबरतो म्हणून त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवायचे, कानावर हात ठेवून ‘ऊं’ केले की लघवीला जायचे असते, दाढी करताना रेडिओ लागतो: हे लिहिलेले नसेल तर आईच्या जागी आलेला माणूस कितीही प्रेमळ असो, पहिल्या आठवड्यात मुलाला हट्टी किंवा हिंसक ठरवून मोकळा होतो. न बोलणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ती वही हेच तिचे बोलणे असते. मोबाइलवर अंघोळ, भरवणे आणि झोपवणे यांची पाच-पाच मिनिटांची चित्रफीत करून ठेवली, तर लिहिण्याचा कंटाळा असलेल्यांचेही काम भागते.

भावंडांशी बोलणे पालकांना जड जाते. एकीकडे ‘तिच्या संसारात याचे ओझे नको’ म्हणून बहिणीला काही सांगायचे नाही, आणि दुसरीकडे शेवटी तीच पाहील हे मनात धरून चालायचे, असा विसंगत कारभार अनेक घरांत चालतो. मुलगा पुण्यातून न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला गेलेला असला तर तो पैसे पाठवतो, पण त्याला भावाच्या औषधांची नावेही ठाऊक नसतात. भावंडांना विचारायचा प्रश्न ‘सांभाळशील का?’ असा सरसकट नसावा, कारण त्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटलेले टिकतही नाही. महिन्यातून दोन दिवस राहायला येणे, बँकेचे पाहणे, कायदेशीर पालक होणे, वसतिगृहात आठवड्याला भेट देणे, ही वेगवेगळी कामे आहेत. त्यातले कोणते कोण घेईल, हे सुना-जावयांना समोर बसवून ठरवावे लागते.

घराबाहेरच्या निवासाबद्दल मराठी कुटुंबांत अजूनही अपराधी भावना मोठी आहे, तथापि महाराष्ट्रातील या कामाचा इतिहासच पालकांनी घडवलेला आहे. मुंबईची जय वकील यांची शाळा १९४४ साली एका आई-वडिलांनी आपल्या मुलीसाठी सुरू केली, १९७२ साली मिथू अलूर यांनी मुलीच्या सेरेब्रल पाल्सीच्या अनुभवातून स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, आणि पुढे मुले मोठी झाल्यावर पालक संघटनांनीच निवासाचा प्रश्न हातात घेतला. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’, बदलापूरची ‘आधार’ आणि पुण्याजवळचे ‘नवक्षितिज’ ही प्रौढांसाठीच्या निवासाची परिचित नावे आहेत. अशा ठिकाणी जागा कमी, प्रतीक्षायादी लांब, अनामत रक्कम आणि मासिक खर्च मध्यमवर्गालाही विचार करायला लावणारा, ही अडचण खरी आहे, आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना प्रवेश मिळणे त्याहून कठीण आहे. तरीही जाणकारांचे एका बाबतीत एकमत आढळते. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर एका रात्रीत परक्या खोलीत पोहोचलेल्या व्यक्तीला एकाच वेळी माणसे, घर आणि दिनक्रम तिन्ही गमवावे लागतात. पालक धडधाकट असताना आधी दिवसभर, मग दोन रात्री, मग आठवडा अशी सवय लावली तर ते नुकसान टळते. राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेच्या ‘समर्थ’ योजनेत असा अल्पकालीन निवास आणि ‘घरौंदा’ योजनेत कायम निवास अभिप्रेत आहे, पण अशी केंद्रे मोजक्याच गावांत असल्याने बहुतेक पालकांना शेजारपाजारची तीन-चार कुटुंबे मिळून आळीपाळीने मुले सांभाळण्याचीच सोय करावी लागते.

कायद्याच्या बाजूने मोठा गैरसमज असा, की आई-वडील हे मुलाचे कायमचे पालक असतात. मूल अठरा वर्षांचे झाले की ते अधिकार संपतात, आणि हे बहुतेकांना बँकेत किंवा सोसायटीच्या कार्यालयात अडल्यावरच कळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. आई-वडील आपल्या पसंतीच्या माणसाचे नाव अर्जात देऊ शकतात, नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो, त्यामुळे काकाने घर लाटले अशा प्रकाराला काही आळा बसतो. मानसिक आजार या कायद्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साहाय्य करण्यासाठी त्याने स्वतः निवडलेल्या माणसाची, वेगळी तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोखही मर्यादित पालकत्वाकडे, म्हणजे व्यक्तीच्या वतीने ठरवण्याऐवजी तिच्यासह ठरवण्याकडे आहे. चाळिशीच्या मुलाला कोणाबरोबर राहायला आवडेल, हे त्याच्या खुणांतून का होईना, विचारायला हवे.

पैशाची तजवीज लवकर केली, तर पालकांची झोप सुधारते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वैद्यकीय तपासणीशिवाय एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपी व बाह्यरुग्ण खर्चही धरला जातो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, त्याचे नाव हयातीतच नोंदवले तर मागे राहिलेल्यांची वणवण वाचते. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही कायमचे पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्यासाठी वयाची अट नसलेली तरतूद आहे. दिव्यांग अपत्यासाठी घेतलेल्या विम्याची रक्कम पूर्वी पालकाच्या मृत्यूनंतरच मिळाली तर कर सवलत लागू होत असे. याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळली, पण केंद्राने फेरविचार करावा असे सुचवले, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने पालकाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर हयातीतही लाभ घेण्याची मुभा दिली. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार आजार किंवा व्यंग यामुळे वारसा हक्क जात नाही, तरीही मालमत्ता थेट अपत्याच्या नावे करण्यापेक्षा तिचा न्यास करून विश्वस्त नेमावेत, म्हणजे पैसा त्याच्यासाठी खर्च होईल आणि त्याच्याकडून कोणी सही करून घेणार नाही, असे या क्षेत्रातले वकील सांगतात. मृत्युपत्रासाठी दोन साक्षीदार पुरतात.

एवढे करूनही राज्यसंस्थेची बाजू लंगडीच राहते. २०१६ च्या कायद्याने काळजीवाहकाच्या व्याख्येत आई-वडिलांचा नावानिशी समावेश केला आणि अधिक साहाय्य लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही केला. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांना आणि तीव्र दिव्यांगांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम’ योजना २०१० पासून आहे. तिची महिना ६०० रुपयांची रक्कम तुटपुंजी असली, तरी ती सांभाळणाऱ्याच्या श्रमासाठी दिलेली आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान २०२५ साली दरमहा २,५०० रुपये झाले, पण ते दिव्यांग व्यक्तीच्या निर्वाहासाठी आहे, तिच्या आईच्या मोडलेल्या कमरेचा त्यात हिशेब नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन करणाऱ्या या राज्याने प्रत्येक जिल्ह्यात अल्पकालीन निवासाचे एक तरी केंद्र आणि ज्येष्ठ पालकांसाठी काळजीवाहक भत्ता या दोन गोष्टी तातडीने सुरू कराव्यात. तोपर्यंत साठी ओलांडलेल्या पालकांसमोर स्थानिक स्तर समितीचा अर्ज, मृत्युपत्र, माहितीची वही आणि स्वतःची रखडलेली तपासणी अशी चार कामे असतील, तर त्यांनी तपासणी आधी उरकावी. बाकीची तीन करायला माणूस हिंडताफिरता हवा.